हाडातील तूट आणि ऊतींची परांची

मृगाचा पाऊस स्थिरावून जांभ्यावर शेवाळ धरू लागले, की देवगड, मालवण व वेंगुर्ले या किनाऱ्यालगतच्या तालुक्यांत जनावरांचे पाय मोडण्याचे प्रसंग वाढतात. गडग्यावरून उडी टाकताना शेळीचा पाय दोन चिऱ्यांच्या फटीत अडकतो. ओल्या कातळावरून घसरलेले वासरू खालच्या कुणग्यात कोसळते. रस्त्याकडेचे कोवळे गवत खाणाऱ्या गुराला भरधाव वाहनाची धडक बसते. यांपैकी पुष्कळ जनावरे बरी होतात. हाड मोडले परंतु कातडी फाटली नाही, आणि मोडलेली टोके एकमेकांस भिडवून पाय स्थिर ठेवता आला, तर शेळीचे हाड साधारणपणे पाच-सहा आठवड्यांत सांधते. हे काम निसर्ग स्वतःच करीत असतो. पशुवैद्य त्यात विघ्न येऊ देत नाही, इतकेच.

काही जनावरांच्या बाबतीत मात्र हाड नुसते मोडलेले नसते, तर त्याचा एखादा भाग नाहीसाच झालेला असतो. कधी धडकेत हाडाचा चुरा होतो, कधी उघड्या जखमेतून तुकडे बाहेर पडतात, तर कधी पू होऊन कुजलेले हाड शल्यचिकित्सकाला काढून टाकावे लागते. मग दोन टोकांमध्ये जी मोकळी जागा उरते तिला या लेखात ‘तूट’ म्हटले आहे. लहान तूट शरीर भरून काढते. परंतु तिची लांबी हाडाच्या जाडीच्या सामान्यतः दीड ते अडीच पटींहून अधिक झाली, म्हणजे दोन सेंटिमीटर जाडीच्या हाडात तीन ते पाच सेंटिमीटरांपलीकडे गेली, की ती आपोआप भरून येत नाही. टोके गोलसर होतात, मध्ये चिवट तंतूंचा गोळा भरतो आणि पाय सांध्याविना सांधा असल्याप्रमाणे लोंबकळत राहतो. तीन-चार कन्याळ शेळ्यांवर ज्या घराचा वरखर्च चालतो, त्या घरापुढे मग दोनच मार्ग उरतात. एक तर जनावर येईल त्या किमतीला विकणे, अथवा ते तसेच पोसणे.

आचऱ्याच्या बाजूला झालेल्या एका सभेत एका शेळीपालकाने प्रस्तुत लेखकास विचारले, “साहेब, म्हशीच्या आतड्या-कातड्यापासून, नाहीतर माशापासून केलेला कसलासा पदार्थ घातला की गेलेले हाड पुन्हा येते म्हणतात. खरे काय ते?” या प्रश्नात तथ्य आहे, मात्र ऐकीव गोष्टीत ते आहे त्याहून पुष्कळ मोठे झाले आहे. अशा पदार्थांची परीक्षा कशी घेतली जाते हे ठाऊक असल्यास त्यातले किती घ्यावयाचे आणि किती सोडावयाचे हे गावपातळीवरील कार्यकर्त्यांस व शेतकरी बंधूंस स्वतःच ठरविता येईल.

हाडाचे दोन घटक

हाड दगडासारखे दिसत असले तरी ते केवळ दगड नव्हे. त्याच्या वजनाचा सुमारे दोनतृतीयांश भाग खनिजाचा, म्हणजे मुख्यतः कॅल्शियम व फॉस्फरस यांच्या संयुगाचा असतो. उरलेल्यापैकी बहुतेक भाग कोलॅजन नावाच्या तंतुमय प्रथिनाचा व काही भाग पाण्याचा असतो. हे गावच्या सभेत सहज दाखविता येते. कोंबडीच्या तंगडीचे स्वच्छ केलेले एक हाड शिरक्यात, म्हणजे व्हिनेगरात, आठवडाभर बुडवून ठेवावे आणि मधून शिरका बदलावा. खनिज विरघळून जाते व उरलेले हाड रबराप्रमाणे वाकते. दुसरे हाड चुलीतील निखाऱ्यात पांढरे होईपर्यंत भाजावे. त्यातील तंतू जळून जातात, आकार तसाच राहतो, पण बोटाने दाबताच त्याचा भुगा होतो. कणखरपणा खनिजाचा आणि चिवटपणा तंतूंचा. दोहोंपैकी एक गेला की हाड कुचकामी ठरते.

यांखेरीज हाडात जिवंत पेशी असतात. काही पेशी हाड रचतात, काही जुने हाड खाऊन टाकतात आणि रक्तवाहिन्या त्यांना अन्न पुरवितात. मोडलेल्या जागी प्रथम रक्त साकळते, त्यात मऊ सांधा तयार होतो, मग तो कठीण होतो आणि नंतर कित्येक महिने त्याची छाटणी होत राहते. तूट मोठी असेल तर या पेशींना एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाण्यास वाट मिळत नाही.

पडवळीचा वेल मोकळ्या हवेत चढत नाही. त्याला मांडव लागतो. हाडाच्या पेशींचेही तसेच आहे. शास्त्रज्ञ या मांडवाला इंग्रजीत स्कॅफोल्ड म्हणतात. मराठीत त्याला परांची म्हणावयास हरकत नाही, कारण गवंडी घर बांधताना जी परांची उभारतो तिचेही काम तात्पुरतेच असते. फरक इतकाच, की गवंड्याची परांची नंतर सोडवून न्यावी लागते, तर शरीरातील परांची हळूहळू विरघळून तिच्या जागी खरे हाड यावे अशी अपेक्षा असते. ती फार लवकर विरघळली तर वेल खाली येतो. मुळीच विरघळली नाही, तर नव्या हाडात परका पदार्थ अडकून पडतो. तिच्यात छिद्रे असावी लागतात आणि ती एकमेकांस जोडलेलीही असावी लागतात, नाही तर रक्तवाहिन्या आत शिरत नाहीत. या छिद्रांची रुंदी निदान शंभर मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा दहावा हिस्सा असावी आणि तीनशे मायक्रॉनच्या पुढे असल्यास अधिक चांगले, असे सामान्यतः मानतात.

परांचीचा कच्चा माल

सर्वांत उत्तम परांची म्हणजे त्याच जनावराच्या कमरेच्या हाडातून काढलेला तुकडा. त्यात त्याच्याच पेशी असतात व शरीर त्याला परके मानीत नाही. परंतु त्यासाठी दुसरी जखम करावी लागते आणि मिळणारे हाडही थोडे असते. म्हणून दुसऱ्याच्या ऊती वापरण्याचा विचार फार जुना आहे. जखमी सैनिकाच्या कवटीत कुत्र्याच्या कवटीचा तुकडा बसविल्याची हकीकत डच शल्यचिकित्सक योब फान मेकेरेन याच्या १६६८ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात आली आहे.

आजच्या पद्धतीचा पाया मात्र १९६५ साली घातला गेला. अमेरिकेतील अस्थिशल्यचिकित्सक मार्शल युरिस्ट यांनी आम्लात ठेवून खनिज काढून टाकलेले हाड, म्हणजे आपल्या शिरक्यातल्या हाडासारखेच हाड, सशांच्या व इतर लहान प्राण्यांच्या स्नायूंत घातले. स्नायूत हाड असण्याचे काही कारण नाही. तरीही तेथे नवीन हाड तयार झाले. याचा अर्थ असा, की हाडाच्या तंतुमय भागात साध्या पेशींना हाड रचावयास लावणारे काही द्रव्य दडलेले असते. पुढे अशी प्रथिने वेगळी करण्यात आली. त्या संशोधनात दिल्ली विद्यापीठात शिकलेले ए. हरी रेड्डी यांचा मोठा वाटा आहे. मेलेले हाड हा नुसता आधार नसून त्यात निरोपही असतो, ही जाणीव तेव्हापासून दृढ झाली.

आपल्या राज्यात या दिशेचे काम प्रथम माणसांसाठी झाले. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात १९८८ साली ऊतिपेढी स्थापन झाली. तेथे दान म्हणून मिळालेली हाडे व गर्भवेष्टने स्वच्छ करून, वाळवून आणि गॅमा किरणांनी निर्जंतुक करून रुग्णांसाठी ठेवली जातात. अशा वस्तू उकळल्या तर त्यांतील तंतू बिघडतात, म्हणून किरणांचा उपयोग करावा लागतो. किरणांनी वैद्यकीय साहित्य निर्जंतुक करण्याचा आयसोमेड हा भाभा अणुसंशोधन केंद्राशी संबंधित कारखाना तुर्भे येथे १९७४ पासून आहे.

एका माणसाचे हाड दुसऱ्या माणसाला देणे एक. एका जातीच्या प्राण्याची ऊती दुसऱ्या जातीच्या प्राण्यात घालणे हे त्याहून अवघड. परक्या पेशी दिसताच शरीर त्यांच्यावर तुटून पडते. म्हणून त्या अगोदरच काढून टाकतात. ऊती पुनःपुन्हा गोठवून वितळवितात, साबणासारख्या द्रव्यांत हलवीत ठेवतात, कित्येकदा धुतात. पेशी वाहून जातात व कोलॅजनचे जाळे मागे राहते. भाडेकरू गेलेले पण भिंती उभ्या असलेले घर जसे असावे तशी ही ऊती असते. पेशी खरोखर गेल्या की नाही हे पाहण्यासाठी उरलेल्या डीएनएचे मोजमाप करतात. सुक्या ऊतीच्या एका मिलिग्रॅममागे ते ५० नॅनोग्रॅमपेक्षा कमी असावे, असा दंडक २०११ पासून बहुतेक ठिकाणी पाळला जातो.

तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाळ संस्थेत डुकराच्या पित्ताशयापासून याच रीतीने पडदा तयार करण्यात आला. जखमेवर लावावयाच्या ‘कोलेडर्म’ या नावाने त्याला २०२३ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांची मान्यता मिळाली. तो कातडीच्या जखमांसाठी आहे, हाडासाठी नव्हे. तथापि खाटीकखान्यात फेकून दिल्या जाणाऱ्या अवयवापासून मान्यताप्राप्त साधन बनू शकते, हे त्याने आपल्या देशात दाखवून दिले. जनावरांसाठी म्हणून या विषयात सातत्याने काम झाले ते भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेत. ही संस्था आज उत्तर प्रदेशात इज्जतनगरला असली, तरी तिचा जन्म १८८९ साली पुण्यातच झाला होता. तेथील शल्यविभागाने म्हशीची कातडी, हृदयावरण व छाती-पोटामधील पडदा आणि माशाचा वाताशय यांतील पेशी काढून त्यांची सशांवर परीक्षा घेतली. पोटाची भिंत फाटून अंतर्गळ झालेल्या गुरांना असे पडदे लावण्यातही आले. हाडाच्या तुटीसाठी पेशीमुक्त केलेले परजातीचे हाड सशाच्या पायात बसवून पाहण्याचे प्रयोग याच परंपरेतले आहेत.

ऊतींची परीक्षा व खताची चाचणी

प्रस्तुत लेखक शेतकी पदवीधर असल्यामुळे या प्रयोगांची मांडणी वाचताना त्याला खताच्या चाचणीची वारंवार आठवण झाली. भाताच्या चाचणीत आपण एक वाफा बिनखताचा राखतो, एकाला नेहमीचे खत देतो व एकाला नवे. शिवाय प्रत्येक प्रकाराचे अनेक वाफे घेतो, नाही तर जमिनीच्या कसातला फरक खताच्या नावावर जमा होतो. हाडाच्या परीक्षेतही तेच करतात. काही प्राण्यांत तूट रिकामीच ठेवतात, काहींत त्यांच्याच कमरेचे हाड भरतात आणि काहींत नवी परांची. रिकामी तूट जर स्वतःच भरून आली, तर मुळात ती पुरेशी मोठी नव्हती असे ठरते व सारा प्रयोग व्यर्थ जातो.

अशा परीक्षेसाठी सशाच्या पुढच्या पायाची निवड बहुधा करतात. त्या पायाच्या खालच्या भागात दोन हाडे शेजारी शेजारी असतात. भूल देऊन एका हाडातून दहा ते पंधरा मिलिमीटरांचा तुकडा स्वच्छ करवतीने कापून काढला, तरी दुसरे हाड पाय तोलून धरते व पट्टी किंवा खिळा बसविण्याची गरज पडत नाही. मग शस्त्रक्रियेच्या दिवशी व त्यानंतर चौथ्या, आठव्या, बाराव्या आठवड्यांच्या सुमारास क्ष-किरण छायाचित्रे घेतात. तूट किती भरली, नव्या व जुन्या हाडातील रेघ पुसली काय, आतील पोकळी पुन्हा खुली झाली काय, यांना गुण देतात. हे गुण देणाऱ्यास कोणत्या सशात काय घातले होते हे सांगू नये, असा चांगला प्रघात आहे. आपल्या पीकस्पर्धांच्या परीक्षकांनाही तो लागू करावा असे सुचवावेसे वाटते.

छायाचित्रावर मात्र विसंबता येत नाही. परांचीतच खनिज असेल तर छायाचित्रात ती हाडासारखीच पांढरी दिसते आणि काहीच उगवले नसता पीक भरघोस आल्याचा भास होतो. म्हणून शेवटी हाडाचे पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. खरे हाड आले आहे की तंतूंचा गोळा, परांचीभोवती दाहाच्या पेशी जमल्या आहेत काय, रक्तवाहिन्या किती आत गेल्या, हे तेथे उघड होते. त्यानंतर भरलेले हाड यंत्रात वाकवून अथवा पिळून ते किती भारास मोडते हे मोजतात आणि त्याच प्राण्याच्या निरोगी पायाच्या हाडाशी त्याची तुलना करतात. शेतकऱ्याच्या दृष्टीने हीच खरी परीक्षा होय. हाड सुंदर दिसावे म्हणून कोणी जनावर दवाखान्यात नेत नाही.

सशात यश आले तर पुढची पायरी शेळी अथवा मेंढी. दोन-तीन किलोंचा ससा, तीस किलोंची शेळी आणि तीन-साडेतीनशे किलोंचा बैल यांच्या पायांवरचा भार सारखा नाही, शिवाय सशाचे हाड मुळातच वेगाने भरते. वर उल्लेखिलेल्या श्री चित्रा संस्थेने हाडातील खनिजासारख्या कृत्रिम पदार्थाची परांची शेळीच्या मांडीच्या हाडात बसवून पाहिली आहे, ती याच कारणाने. ती परांची ऊतींपासून केलेली नव्हती, परंतु परीक्षेची पायरी तीच.

प्राण्यांना वेदना देऊन हे सर्व करावे काय, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याखाली केंद्र सरकारची एक समिती अशा प्रयोगांवर देखरेख करते आणि १९९८ च्या नियमांनुसार नोंदणी व परवानगीवाचून ते करता येत नाहीत. भूल देणे, वेदनाशामक देणे, शक्य तितके कमी प्राणी वापरणे ही बंधने असतात. या प्रयोगांचे फळ बहुतेक वेळा माणसाच्या पदरी पडते; ते शेळीच्याही पदरी पडावे, एवढे म्हणण्याचा अधिकार शेळीपालकाला आहे.

निष्कर्ष किती धरावयाचे

या परीक्षांतून सामान्यपणे असे दिसते, की पेशी नीट काढलेली व नीट धुतलेली ऊती शरीर बहुधा सहन करते. तिच्यात रक्तवाहिन्या शिरतात. आणि रिकाम्या तुटीपेक्षा अशा परांचीने भरलेल्या तुटीत अधिक हाड येते. केवळ कोलॅजनचा पडदा मऊ असल्याने भार घेत नाही. म्हणून त्याला खनिजाची जोड देतात किंवा प्राण्याच्या अस्थिमज्जेतील पेशी त्यावर पेरतात. तसे केल्याने फळ सुधारते. जनावराच्या स्वतःच्या हाडाला मागे टाकील अशी परांची मात्र अजून हाती आलेली नाही, आणि गावच्या दवाखान्याच्या कपाटात ठेवता येईल असे काही तयार झालेले नाही.

याहून महत्त्वाची एक गोष्ट आहे, ती फारशी बोलली जात नाही. प्रयोगशाळेतील तूट निरोगी प्राण्यात, निर्जंतुक खोलीत, धारदार करवतीने केलेली असते. आपल्या गावातील तूट शेणामातीने भरलेल्या जखमेतून, दोन-चार दिवसांच्या दिरंगाईनंतर, पू झाल्यावर तयार होते. पू असलेल्या जागी कोणतीही परांची घातली तरी ती परका पदार्थच. जंतूंना तिच्या छिद्रांत उत्तम आसरा मिळतो आणि औषध तेथवर पोचत नाही. म्हणून सशातील उत्तम निकाल वाचून शेळीबद्दल आशा धरताना दोन्ही तुटींमधला हा फरक विसरता कामा नये. प्रथम जखम पूर्ण स्वच्छ व कोरडी होणे, पाय पक्का स्थिर होणे आणि मगच तूट भरण्याचा विचार, हा क्रम मोठमोठ्या रुग्णालयांतही बदलत नाही.

समुद्रफेस व प्रवाळ

किनाऱ्यावरील वाचकांना एक गोष्ट विशेष वाटेल. पाऊस सरल्यावर वाळूत पांढरे, हलके, होडीच्या आकाराचे तुकडे सापडतात. माकूल जातीच्या प्राण्याच्या पाठीतले हे कवच असून आपण त्याला समुद्रफेस म्हणतो. ते कॅल्शियम कार्बोनेटचे असते व त्यात अतिशय सुबक कप्पे असतात. बंद भांड्यात फॉस्फेटच्या द्रावणात सुमारे २०० अंश सेल्सियसपर्यंत तापविल्यास कप्प्यांची रचना न मोडता त्याचे हाडातील खनिजात रूपांतर होते, असे निरनिराळ्या देशांतील प्रयोगशाळांत दिसून आले आहे. असेच रूपांतर प्रवाळांचे होते, हे १९७४ सालीच दोघा अमेरिकी संशोधकांनी दाखविले होते. प्रवाळाची छिद्रे मनुष्याच्या हाडाशी इतकी जुळतात, की त्यापासूनचे पदार्थ बाजारातही आले. परंतु आपल्याकडे दगडी प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण २००१ पासून आहे आणि मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ पासूनचे आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरातील प्रवाळाचा खडा उचलणे हाही गुन्हा ठरतो. समुद्रफेस ही मात्र मासळीच्या धंद्यात टाकाऊ म्हणून उरणारी वस्तू आहे. मासळीचे खवले व कातडी यांपासूनही कोलॅजन मिळते. उद्या या मालाला कारखान्याकडून मागणी आली, तर तो ताजा, स्वच्छ व कोणत्या होडीचा हे सांगता येण्याजोगा ठेवणाऱ्यासच भाव मिळेल.

येथे एक इशारा देणे अगत्याचे वाटते. समुद्रफेस उगाळून किंवा कुटून उघड्या हाडावर दाबण्याचा मोह कोणास झाला तर तो आवरावा. प्रयोगशाळेतील वस्तू व वाळूत सापडलेली वस्तू यांत नावापलीकडे साम्य नाही. तीच गोष्ट मेलेल्या जनावरांच्या हाडांची. कोणत्या रोगाने जनावर मेले हे ठाऊक नसता त्याची हाडे वा कातडी गोळा करणे हे काळपुळीसारख्या रोगाला घरी आणणे होय.

तूट पडू न देणे

गावातील पुष्कळशा तुटी अपघाताच्या क्षणी पडलेल्या नसतात; त्या नंतरच्या काही तासांत आपल्या हातून पडतात, आणि गावपातळीवरील कार्यकर्त्याला करता येण्याजोगे काम नेमके येथेच आहे. जखमेतून हाडाचे टोक किंवा तुकडा दिसत असेल तर तो ओढून काढू नये. मांसाला चिकटलेला तुकडा पुष्कळदा जिवंत असतो, आणि त्याच्याइतकी चांगली परांची कोणतीही प्रयोगशाळा देऊ शकणार नाही. बाहेर आलेले टोक आत ढकलू नये, कारण त्याबरोबर माती आत जाते. जखमेवर भरपूर स्वच्छ पाणी ओतावे व धुतलेले कापड झाकावे. हळद, चुना, शेण, राख, डिझेल यांतले काहीही लावू नये.

मग पायाला कापूस अथवा मऊ चिंधी गुंडाळून बांबूच्या चिवट्यांचा आधार द्यावा. चिवट्या मोडलेल्या जागेच्या वरचा सांधा व खालचा सांधा दोन्ही धरून ठेवतील इतक्या लांब हव्यात. मोडल्या जागेपुरता आखूड चिवट्यांचा आधार हा नसल्यापेक्षा वाईट, कारण तो तेथेच तरफेसारखा काम करतो. बंध नुसते जागचे हलू नयेत इतपतच आवळावेत. खूर थंड पडला किंवा बंधाखाली सूज आली तर ते तत्काळ सैल करावेत. काथ्याने करकचून बांधल्यामुळे आख्खा पाय सडलेल्या शेळ्या सर्वांनीच पाहिल्या असतील. मांडीच्या किंवा खांद्याच्या वरच्या हाडास मात्र असा आधार देण्याच्या फंदात पडू नये. तेथे वरचा सांधा बांधता येत नाही व चिवट्यांच्या वजनाने इजा वाढते. अशा जनावरास चालू न देता फळीवर किंवा गोणपाटावर निजवून आणावे.

उघडी जखम असेल तर पहिल्या सहा-आठ तासांना फार मोल आहे. त्या अवधीत ती शास्त्रोक्त रीतीने धुतली गेली तर पू टळण्याचा संभव पुष्कळ असतो. जवळचा पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा किंवा राज्यातील फिरत्या पथकासाठी असलेल्या १९६२ या विनामूल्य क्रमांकावर कळवावे. धनुर्वाताची लस टोचून घेण्याची आठवण मालकाने स्वतः करून द्यावी. प्लास्टर घातल्यावर पहिले चार दिवस खूर रोज हाताने चाचपून पाहावा. पावसाळ्यात गोठ्याचा तो कोपरा कोरडा राखावा, कारण भिजलेले प्लास्टर म्हणजे न घातलेले प्लास्टर.

एवढे करूनही तूट राहिली, तर ते जनावर मोठ्या केंद्राकडे पाठवावे की नाही याचा निर्णय भावनेने न घेता हिशेबाने घ्यावा लागतो. मुंबईचे पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ पासून चालू आहे. शिरवळ येथेही महाविद्यालय आहे. अशा ठिकाणी खिळा, पट्टी वा बाहेरून बसवावयाचा सांगाडा वापरून व कमरेचे हाड भरून शस्त्रक्रिया होऊ शकते. जातिवंत बोकड, दुभती तरुण शेळी, लहान वासरू यांच्या बाबतीत हा खर्च व प्रवास सार्थ होण्याचा संभव आहे, कारण त्यांचे वजन कमी व हाड वाढते असते. मोठ्या बैलाच्या किंवा म्हशीच्या नडगीत लांब तूट असेल, तर आजच्या घडीस पशुवैद्य नकार देईल आणि तो नकार प्रामाणिक समजावा. पाठवावयाचे ठरल्यास पहिल्या दिवसाचे व नंतरचे क्ष-किरण छायाचित्र, दिलेल्या औषधांची यादी आणि जखम उघडी होती की बंद याची नोंद जनावराबरोबर द्यावी. नव्या परांचीच्या चाचणीत आपले जनावर घेतले जात आहे असे कोणी सांगितले, तर ती संस्था कोणती, परवानगी आहे काय, खर्च कोण देणार आणि जनावर बरे न झाल्यास त्याचे पुढे काय होणार, हे चार प्रश्न मालकाने विचारावेत आणि त्यांची उत्तरे लेखी घ्यावीत.